डॉर्मवर सामान आधी पाठवायचं असेल तर : अमेरिकेतल्या मराठी आईबाबांसाठी

अमेरिकेत स्थिरावलेल्या आपल्यापैकी बहुतेकांनी डॉर्म, म्हणजे कॉलेजचं वसतिगृह, आतून पाहिलेलंच नसतं. आपण आलो ते एमएस करायला, दोन बॅगा घेऊन, आणि उतरलो चौघांत मिळून घेतलेल्या अपार्टमेंटमध्ये. त्यामुळे घरातलं पहिलं मूल हायस्कूल संपवून देशाच्या दुसऱ्या टोकाला कॉलेजला निघालं की आपल्याकडे ना अनुभव असतो, ना विचारायला मोठं भावंड.

आम्ही कॅलिफोर्नियात, बे एरियात राहतो आणि लेक मॅसॅच्युसेट्समध्ये शिकते. अंतर तीन हजार मैलांचं, त्यामुळे गाडी भरून निघणं शक्य नव्हतं. तुमचं कॉलेज पाच-सहा तासांच्या ड्राइव्हवर असेल तर हा लेख इथेच सोडा, मोठी गाडी भाड्याने घ्या आणि निघा. विमानाने जाणार असाल तर पुढचं वाचा.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते. पार्सल रस्त्यात क्वचित अडतं. अडतं ते कॉलेजच्या मेलरूममध्ये. शेकडो मुलांचे खोके एकाच आठवड्यात तिथे येऊन पडतात, काम करणारी माणसं मोजकी आणि जागा त्याहून कमी. म्हणून खोके आणायला धावण्याआधी मेलरूमची माहिती काढा.

१. जुलैत : मेलरूमला फोन करा

कॉलेजच्या वेबसाइटवर हाउसिंगचं पान वेगळं असतं आणि मेल सर्व्हिसेसचं वेगळं. दोन्ही वाचा. तरीही फोन करा, कारण मागच्या वर्षीच्या तारखा तशाच राहिलेल्या असू शकतात. हे विचारून घ्या :

- फ्रेशमनची, म्हणजे पहिल्या वर्षाच्या मुलांची, पार्सलं कोणत्या तारखेपासून घेता? त्याआधी आलं तर ठेवता की परत पाठवता?
- पोस्टाने येणाऱ्या पार्सलचा पत्ता आणि यूपीएस-फेडेक्ससारख्या खासगी कुरियरने येणाऱ्याचा पत्ता एकच आहे का?
- मूव्ह-इनच्या, म्हणजे मुलं डॉर्ममध्ये राहायला येतात त्या, शनिवार-रविवारी खिडकी किती वाजेपर्यंत उघडी असते?
- पार्सल घ्यायला स्टुडंट आयडी लागतो की दुसरं ओळखपत्र चालतं? आईवडिलांना घेता येतं का?
- वजनाची, आकाराची किंवा खोक्यांच्या संख्येची मर्यादा आहे का? जास्त दिवस पडून राहिलं तर पैसे लागतात का?

तिसरा आणि चौथा प्रश्न लोक विचारत नाहीत आणि नेमके तिथेच अडकतात. मूल शुक्रवारी संध्याकाळी पोचतं, मेलरूम बंद असते, आयडी कार्ड दुसऱ्या दिवशी मिळणार असतं, आणि उशी-चादर तिथे खोक्यात. पहिली रात्र उघड्या गादीवर.

सेमिस्टर पद्धतीच्या कॉलेजांत मूव्ह-इन साधारण ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्यात असतं, क्वार्टर पद्धतीत सप्टेंबरच्या उत्तरार्धात. कोणती इमारत, कोणती खोली हे बऱ्याच ठिकाणी जुलै-ऑगस्टपर्यंत कळत नाही. मेलरूममधल्या मुलाच्या मेलबॉक्सचा नंबर हातात येईपर्यंत एकही लेबल छापू नका.

२. पत्ता : इथे घाई नको

लेबलवर मुलाचं किंवा मुलीचं तेच नाव हवं, जे कॉलेजच्या नोंदीत आहे. आपल्या घरांत याचे घोटाळे ठरलेले. पासपोर्टवर मधलं नाव वडिलांचं, शाळेत चालणारं नाव छोटं केलेलं, घरात हाक मारायचं नाव भलतंच. मावशी प्रेमाने ‘चिनू’ नावाने पार्सल पाठवते आणि मेलरूमच्या संगणकात चिनू नावाचं कुणी नसतं.

त्याहून मोठा सापळा ऑनलाइन खरेदीचा. ॲमेझॉनचं खातं आईचं असतं. नवीन पत्ता टाकताना नावाच्या रकान्यात आईचंच नाव राहून जातं. पत्ता बरोबर असतो, पण त्या नावाची विद्यार्थिनी तिथे नाही, म्हणून पार्सल परत. खात्यात नवा पत्ता टाकताना पहिली ओळ स्वतः टाइप करा आणि मुलांकडून एकदा वाचून घ्या.

दुसरा मुद्दा पोस्ट आणि खासगी कुरियर यांच्यातल्या फरकाचा. काही कॉलेजं मुलांना पीओ बॉक्स नंबर देतात. तिथे पोस्ट पोचतं, पण यूपीएस आणि फेडेक्स सहसा पोचवत नाहीत. त्यांना रस्त्याचं नाव आणि इमारतीचा क्रमांक लागतो. आणि ॲमेझॉन कोणाकडून पाठवणार हे तुमच्या हातात नसतं, कधी त्यांची स्वतःची व्हॅन, कधी पोस्ट. म्हणून कॉलेजने दिलेला रस्त्याचा पत्ता आणि त्याखालच्या ओळीत मेलबॉक्स नंबर, अशी दोन्ही माहिती असलेला पत्ता विचारून घ्या. बहुतेकांकडे तो तयार असतो.

डॉर्मच्या इमारतीचा पत्ता नकाशावरून काढून तिथे थेट पाठवू नका. दारात खोका ठेवून ड्रायव्हर निघून जाईल, आणि त्या दिवशी इमारतीत तुमचं कुणी नसेल.

३. चार ढीग करा

सगळं सामान हॉलमध्ये मांडा आणि चार ढिगांत वाटा. हे काम मुलांनीच करावं, आपण फक्त बाजूला बसून गप्प राहायचा प्रयत्न करावा.

*पहिला ढीग : अंगावर आणि हातातल्या बॅगेत.* यातलं काहीही पार्सलमध्ये जाता कामा नये.

- पासपोर्ट, ड्रायव्हिंग लायसन्स, सोशल सिक्युरिटी कार्ड. कॅम्पसवर नोकरी करायची असेल तर आय-नाइन फॉर्मसाठी मूळ कागदपत्रं दाखवावी लागतात, झेरॉक्स किंवा फोनमधला फोटो चालत नाही. एफ-वन, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर असलेल्या मुलांचा आय-ट्वेंटी (कॉलेजने दिलेला प्रवेशाचा फॉर्म) सुद्धा इथेच.
- आरोग्य विम्याचं कार्ड, लसीकरणाची नोंद.
- डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळणारी औषधं, फार्मसीच्या मूळ बाटलीत. अशी औषधं घरून पोस्टाने पाठवायला तुम्हा-आम्हाला परवानगी नाही. ती फार्मसीच पाठवू शकते. दमा किंवा ॲलर्जी असलेल्या मुलांच्या आयांनी हे नीट लक्षात ठेवावं.
- लॅपटॉप, चार्जर, पॉवर बँक. पॉवर बँक विमानात चेक-इन बॅगेत चालत नाही, जवळच ठेवावी लागते.

*दुसरा ढीग : चेक-इन बॅगेत.* पहिल्या रात्रीला लागेल ते सगळं इथे. चादर, टॉवेल, पातळ पांघरूण, दोन-तीन दिवसांचे कपडे, सामायिक बाथरूमसाठी रबरी चपला. उशी तिथे जाऊन घ्या.

चादरीवरून आठवलं. डॉर्मच्या पलंगाचं माप बहुतेक ठिकाणी ट्विन एक्सएल असतं, म्हणजे ८० इंच लांब. घरातला साधा ट्विन ७५ इंचांचा असतो. त्याची फिटेड चादर डॉर्मच्या गादीला बसत नाही. ओढून बसवली तर पहाटेपर्यंत निघून येते.

मसाले, मेतकूट, चटण्या या याच ढिगात. हातातल्या बॅगेत १२ औंसांपेक्षा जास्त भुकटी असेल तर विमानतळावर ती वेगळी तपासायला काढू शकतात, आणि गोड्या मसाल्याची पिशवी उघडून समजावत बसायला तिथे वेळ नसतो. लोणचं नेऊ नका. न्यायचंच असेल तर बरणी नवी, झाकणावर टेप आणि बाहेरून दोन झिपच्या पिशव्या.

*तिसरा ढीग : पार्सलने पुढे.* बाकीचे कपडे, बूट, हँगर, डेस्कवरचं सामान, स्टेशनरी, थोडी पुस्तकं, मुलांना ज्याच्याशिवाय करमत नाही अशा दोन-चार वस्तू. न फुटणारं, न सांडणारं, न वितळणारं. नेल पॉलिश, अत्तर, स्प्रेचे डबे यांच्यावर टपालाचे वेगळे नियम आहेत, म्हणून तेही नको. तुपातले लाडू ऑगस्टमध्ये पाठवू नका. बंद खोलीत उन्हाळ्यात आठवडाभर पडलेला खोका कसा होतो ते सांगायला नको. चिवडा सप्टेंबरमध्ये पाठवा. तोवर घरची आठवणही यायला लागलेली असते.

*चौथा ढीग : नेऊच नका.* गादीवर घालायचा मऊ थर म्हणजे टॉपर, पंखा, आरसा, कचऱ्याचा डबा, प्लास्टिकचे मोठे डबे, छोटा फ्रिज. हे सगळं कॉलेजच्या गावात मिळतं. टार्गेट, वॉलमार्टसारख्या दुकानांत आधी ऑनलाइन मागवून तिथल्या शाखेतून उचलता येतं. तसंच करा, कारण मूव्ह-इनच्या शनिवारी त्या दुकानांतले पंखे आणि टॉपरचे कप्पे दुपारपर्यंत रिकामे झालेले असतात. न्यू इंग्लंडच्या जुन्या डॉर्ममध्ये एसी नसतो हे गृहीत धरा, पंखा आधीच राखून ठेवा. फ्रिज आणि मायक्रोवेव्ह कोण आणणार हे रूममेटशी बोलून घ्या, नाहीतर दोन येतात.

कुकर, राइस कुकर, इंडक्शन शेगडी यांना बहुतेक डॉर्ममध्ये मनाई असते. किटली काही ठिकाणी चालते, काही ठिकाणी नाही, कॉलेजची यादी वाचा. साधी एक्स्टेंशन कॉर्ड चालत नाही, सर्ज प्रोटेक्टर असलेली पट्टी लागते. उदबत्ती आणि निरांजन तर नकोच, धुराने अख्ख्या इमारतीचा अलार्म वाजतो. गणपती मूव्ह-इनच्या आगेमागेच येतात (२०२५ मध्ये २७ ऑगस्टला होते), तेव्हा बॅटरीवरचा दिवा द्या.

थंडीचे जाड कोट, बूट यांना ऑगस्टमध्ये जागा देऊ नका. ऑक्टोबरमध्ये एक खोका वेगळा पाठवा. तोवर मेलरूमही निवांत झालेली असते.

४. खोका आणि घनफळाचं गणित

पैसे इथे जातात, म्हणून जरा सविस्तर. कुरियर कंपन्या वजनाचे पैसे घेतात हे अर्धसत्य. हलकं पण मोठं पार्सल असेल तर त्या आकारावरून एक वजन काढतात आणि खऱ्या वजनाशी ताडून जे जास्त भरेल त्याचे पैसे लावतात. यूपीएस आणि फेडेक्सचा नेहमीचा हिशोब असा : लांबी, रुंदी, उंची इंचांत मोजा, गुणाकार करा, १३९ ने भागा.

बाजारात मध्यम म्हणून मिळणारा खोका घ्या, १८ गुणिले १८ गुणिले १६ इंच. गुणाकार ५१८४. भागाकार केल्यावर येतात ३७ च्या वर, म्हणजे ३८ पौंड. त्यात दोन उशा आणि कंफर्टर भरलात, खरं वजन भरलं १० पौंड, तरी पैसे ३८ पौंडांचे. १५ डॉलरची उशी त्याहून जास्त भाड्याने पाठवण्यात काय अर्थ आहे?

म्हणून लहान खोका घ्या, साधारण दीड घनफुटाचा. यू-हॉल किंवा होम डेपोत मिळतो. त्यात जड आणि घट्ट बसणाऱ्या वस्तू भरा. कपडे व्हॅक्यूम पिशव्यांत दाबून बसवा. एका खोक्याचं वजन ४० पौंडांच्या पुढे जाऊ देऊ नका. मेलरूमपासून डॉर्मपर्यंत तो मुलांनाच उचलायचा आहे. वजनाचा काटा घरात असेलच, भारतात जाताना बॅग लटकवून तोलतो तो.

जादा पैसे लागणाऱ्या गोष्टी :

- यूपीएस-फेडेक्समध्ये ५० पौंडांपेक्षा जास्त वजन किंवा ४८ इंचांपेक्षा जास्त लांबी.
- पोस्टात २२ इंचांपेक्षा जास्त लांबी किंवा दोन घनफुटांपेक्षा मोठा खोका.
- पुठ्ठ्यात न गुंडाळलेली सुटकेस किंवा डफल बॅग. आजोबांची लोखंडी ट्रंक पाठवायची कल्पना कितीही छान वाटली तरी कुरियरकडे तिचेही वेगळे पैसे आहेत.

भरताना तळाशी आणि वर टॉवेल किंवा स्वेटर घाला, मोकळी जागा ठेवू नका. चिकटपट्टी रुंद पॅकिंगची, तळाला इंग्रजी ‘एच’ अक्षराच्या आकारात. खोका जुना असेल तर आधीचे बारकोड काढून टाका. आत सगळ्यात वर एका कागदावर नाव, पत्ता, फोन लिहून ठेवा. बाहेरचं लेबल फाटलं तर तोच कागद कामाला येतो. प्रत्येक खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘४ पैकी १’ असं इंग्रजीत लिहा आणि बंद करण्याआधी आतला फोटो काढा.

५. कुणाकडून पाठवायचं

*विमानाची बॅग.* मुलाबरोबर आई किंवा बाबा जाणारच असतील तर सगळ्यात स्वस्त ‘पार्सल’ हेच. देशांतर्गत उड्डाणात ५० पौंड आणि तिन्ही बाजू मिळून ६२ इंचांपर्यंत एक बॅग जाते. साउथवेस्ट एअरलाइन्सवर दोन बॅगा फुकट नेण्याचे दिवस मात्र संपले. २८ मे २०२५ पासून काढलेल्या बहुतेक तिकिटांवर तिथेही पैसे लागतात. तरी तेवढंच वजन देशाच्या या टोकापासून त्या टोकाला कुरियरने पाठवण्यापेक्षा जादा बॅगेचे पैसे भरणं बहुतेक वेळा परवडतं. पुठ्ठ्याचा खोकासुद्धा चेक-इन होतो.

*पोस्ट.* यूएसपीएसची ग्राउंड ॲडव्हान्टेज सेवा जुलै २०२३ मध्ये सुरू झाली. ७० पौंडांपर्यंत, दोन ते पाच दिवसांत, १०० डॉलरचा विमा भाड्यातच. भाडं अंतराच्या झोनवर ठरतं आणि १८०० मैलांच्या पुढे झोन आठ लागतो, म्हणजे आपल्यासारख्यांना महागच. लहान पण जड वस्तू असतील तर प्रायॉरिटी मेलचे फ्लॅट रेट खोके बघा : खोका पोस्टात फुकट मिळतो, ७० पौंडांपर्यंत काहीही भरा, अंतर कितीही असो, भाडं एकच. मोठा फ्लॅट रेट खोका १२ गुणिले १२ गुणिले साडेपाच इंचांचा असतो. बूट आणि जीन्ससाठी चांगला.

*पुस्तकं.* ती मीडिया मेलने. भाडं फक्त वजनावर, अंतराचा संबंध नाही. हळू जातं. पण त्यात फक्त छापील पुस्तकं, सीडी वगैरेच चालतात. कोऱ्या वह्या, एखादा टी-शर्ट, प्रेमाने घातलेलं चॉकलेट हे चालत नाही, आणि पोस्टाला खोका उघडून बघायचा अधिकार आहे. खरं तर पहिल्या वर्षी पुस्तकं फारशी पाठवूच नका.

*यूपीएस, फेडेक्स.* १५० पौंडांपर्यंत घेतात, ट्रॅकिंग चांगलं, ग्राउंडने एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर साधारण पाच कामाचे दिवस. दुकानात जाऊन लेबल करू नका, ऑनलाइन खातं उघडून छापा. दर कमी पडतो.

डॉर्मसाठी पॅकेज म्हणून विकल्या जाणाऱ्या चकचकीत सेवा, ज्या तुमच्या घरून खोके उचलून खोलीपर्यंत नेऊन ठेवतात, त्या वाईट नाहीत. पण पन्नास-साठ पौंड सामानासाठी मला तो खर्च पटत नाही.

भारतातून थेट पार्सल मागवायचा विचार असेल तर एक लक्षात ठेवा : ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलवर मिळणारी ड्युटीची सूट २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद झाली आहे. भारतातून येणाऱ्या मुलांनी सामान विमानातच आणावं आणि बाकी इथे घ्यावं.

६. कधी टाकायचं

मेलरूमने दिलेली पहिली तारीख घ्या आणि पार्सल तिच्या नंतर दोन-तीन दिवसांनी पोचेल असं बघा. सगळे लोक मूव्ह-इनच्या आदल्या दिवशी पोचेल असा हिशोब करतात आणि नेमक्या त्या दोन दिवसांत मेलरूम गुदमरते. खोका आला असं ट्रॅकिंग म्हणतं, पण मेलरूमने तो नोंदवून मुलांना ईमेल पाठवायला आणखी दोन दिवस जातात. ईमेल आल्याशिवाय खिडकीपाशी जाऊन उपयोग नाही.

सगळे खोके एकाच दिवशी टाकण्यापेक्षा दोन वेगवेगळ्या दिवशी टाका.

७. मेलरूम आधी घेत नसेल तर

काही कॉलेजं मूव्ह-इनच्या आधी काहीही स्वीकारत नाहीत. तेव्हाचे पर्याय, माझ्या आवडीच्या क्रमाने :

- त्या भागातलं ओळखीचं मराठी घर. गावच्या महाराष्ट्र मंडळात विचारा, कुणाची तरी चुलत बहीण निघतेच. खोके गॅरेजमध्ये ठेवायला कुणी नाही म्हणत नाही. वर जेवून जाण्याचा आग्रह होतो, तेव्हा वेळ राखून ठेवा. मात्र लेबलवर त्या घरमालकांचं नाव ‘केअर ऑफ’ म्हणून हवं.
- तुमचं हॉटेल. आधी फोन करून विचारा, किती दिवस ठेवतात आणि पैसे लावतात का. लेबलवर पाहुण्याचं नाव आणि चेक-इनची तारीख.
- कुरियरचं पिक-अप ठिकाण. यूपीएसची ॲक्सेस पॉइंट दुकानं, फेडेक्ससाठी वॉलग्रीन्ससारखी. ओळखपत्र दाखवून उचला, पण पार्सल मोजकेच दिवस ठेवतात.
- पोस्टाची जनरल डिलिव्हरी, म्हणजे त्या गावच्या पोस्ट ऑफिसात नावाने ठेवून घेणं. आधी त्या पोस्ट ऑफिसला फोन करा, सगळ्याच शाखा ही सोय देत नाहीत.

८. त्या दिवशी आणि नंतर

मूव्ह-इनला अर्ध्या-एक तासाची वेळ ठरवून दिलेली असते. आधी चेक-इन आणि आयडी कार्ड, मग मेलरूम, मग खोली. हा क्रम उलटला की रांगेत दोनदा उभं राहावं लागतं. ढकलगाड्या कमी असतात, एक मिळाली की मेलरूमकडेच न्या. सोबत खोका कापायला छोटी कात्री हवी, ती चेक-इन बॅगेत.

खोके रिकामे झाले की फोटो बघून सामान मोजा. काही फुटलं असेल तर खोका आणि आतलं पॅकिंग टाकू नका, त्यांचेही फोटो काढा. ट्रॅकिंगवर ‘डिलिव्हर्ड’ आहे आणि मेलरूमकडे नोंद नाही, असं झालं तर ट्रॅकिंगच्या पानावर सही कोणाची आहे आणि वेळ काय आहे ते काढून मेलरूमला दाखवा. बरेचदा खोका दुसऱ्या इमारतीच्या कपाटात सापडतो. दोन-तीन कामाच्या दिवसांत सापडला नाही तर पाठवणाऱ्याने, म्हणजे तुम्ही, कुरियरकडे तक्रार नोंदवायची. मुलांवर सोडू नका, त्यांचे वर्ग सुरू झालेले असतात. विम्याच्या दाव्याची मुदत पोस्ट, यूपीएस आणि फेडेक्स तिघांकडेही साधारण ६० दिवसांची आहे आणि त्यासाठी पावती, ट्रॅकिंग नंबर आणि वस्तूंच्या किमतीचा पुरावा लागतो. १०० डॉलरपेक्षा जास्त किमतीचं काही पाठवत असाल तर वरच्या रकमेचा विमा लेबल करतानाच घ्यावा लागतो, मागाहून घेता येत नाही. घराच्या विम्यात डॉर्ममधलं सामान येतं का, हेही एजंटला एकदा विचारून ठेवा. अनेक पॉलिसींत ठरावीक रकमेपर्यंत येतं.